कडेला उभी राहिलेली विहीण

मामा : एकवीस? लेका, एवढ्या रुंद लेन्सनं तू काढशील काय?

भाचा : जागा. माणूस कुठे उभा आहे ते दिसलंच नाही, तर तो पासपोर्ट फोटो झाला, मामा.

मामा : पासपोर्ट फोटोवरच तुह्या मामीचं घर चाललं, बरं.

हा वाद खामगावात सुरू झाला आणि लोणारपर्यंत गेला. दोघांची नावं लिहीत नाही, नात्यानेच ओळखू. मामांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साक्षगंध, शाळांचे ग्रुप फोटो यांत त्यांची उमर गेली. कपाटात अजून एक सोव्हिएत बनावटीचा झोर्की-४ आहे आणि त्यावर ज्युपिटर-१२ नावाची ३५ मिलिमीटरची लेन्स. भाचा पुण्यात नोकरीला. त्याने जुना लायका एम६ मिळवलाय. १९८४ साली बाजारात आलेला हा फिल्मचा कॅमेरा. पन्नासची लेन्स त्याच्याकडे आहे. आता एक, एकच, वाइड, म्हणजे कमी मिलिमीटरची आणि रुंद नजरेची, घ्यायची आहे. मी दोघांच्या मध्ये बसलेला तिसरा. मधूनमधून तोंड घातल्याशिवाय मला राहवत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

रेंजफाइंडर ज्यांनी हाताळला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या एका छोट्या खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मध्यभागी एक फिकट ठिपका असतो, त्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते. लेन्सची कडी फिरवली की दोन प्रतिमा सरकत एकमेकींवर येतात. तंतोतंत बसल्या की फोकस झाला. फोटोत काय येणार हे खिडकीतल्या उजळ रेघांच्या चौकटीवरून समजायचं. आत आरसा नाही. एसएलआरमध्ये आरसा वरखाली हलायला जागा लागते, म्हणून तिथे वाइड लेन्सची मागची काच फिल्मपासून लांब ठेवावी लागते आणि त्यासाठी पुढे मोठमोठ्या भिंगांचा पसारा मांडावा लागतो. रेंजफाइंडरमध्ये ती काच फिल्मच्या अगदी तोंडाशी नेता येते. म्हणून याच्या वाइड लेन्सा मुठीत मावतात आणि रेघा सरळ ठेवतात. पन्नासची लेन्स कुणीही चांगली बनवतो. रेंजफाइंडरचा खरा दिमाख वाइडमध्येच, हे माझं मत. मामांना ते मान्य नाही.

भाचा : माझ्यापुढे तीन घराणी आहेत. २८ घ्यायची तर लायकाची एल्मारिट, झाइसची बायोगॉन किंवा फॉइग्टलेंडरची कलर-स्कोपार. २१ घ्यायची तर झाइसची सी बायोगॉन, साडेचार अ‍ॅपर्चरची, नाहीतर फॉइग्टलेंडरची चारची स्कोपार. लायकाची २१ माझ्या पगारात बसत नाही.

मामा : मले एक सांग. हे झाइसवालं कुठं बनते?

भाचा : जपानमध्ये. कोसिना कंपनीत.

मामा : अन् फॉइग्टलेंडर?

भाचा : तेही कोसिनाच.

मामा : म्हनजे कारखाना एक, पाट्या दोन. अन् तू तीन घरानी सांगून राहिला.

भाचा : पाटी नाही मामा, आराखडा वेगळा. झाइसच्या लेन्सचं गणित झाइसचं, कोटिंग झाइसचं.

दोघांचंही खरं. फॉइग्टलेंडर हे नाव १७५६ सालचं, व्हिएन्नातलं. फोटोग्राफीचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचं. ती जुनी कंपनी केव्हाच संपली. १९९९ साली नागानो प्रांतातल्या कोसिनाने नाव वापरायचा परवाना घेतला आणि पहिल्याच वर्षी १५ मिलिमीटरची एक एवढीशी लेन्स काढून सगळ्यांना चकित केलं. झाइसने २००४ साली लायकाच्या मापाच्या लेन्सा जाहीर केल्या, त्यांपैकी बहुतेक याच कारखान्यात तयार झाल्या. तरी हातात घेतल्यावर दोन्हींचा स्वभाव निराळा लागतो. झाइसच्या अ‍ॅपर्चरच्या कडीला स्टॉपच्या तिसऱ्या हिश्श्याचे खटके आहेत, लायकाला अर्ध्याचे. लायकाच्या एल्मारिटला बोट अडकवायला खाली चंद्रकोरीसारखी मूठ आहे. झाइसला नुसता एक उंचवटा. एल्मारिट भरते पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम, २८ची बायोगॉन सव्वादोनशेच्या आसपास. स्कोपार २१ तर दीडशेच्याही आत. गळ्यात दिवसभर वागवायच्या गोष्टीत हा फरक लहान नाही.

मामांनी झोर्कीवरची लेन्स काढून भाच्याच्या तळहातावर ठेवली, मागची बाजू वर करून. ज्युपिटर-१२ची मागची काच बाहेर आलेली असते, चांगली फुगीर. कॅमेऱ्यावर चढवली की ती शटरच्या अगदी जवळ जाऊन थांबते.

मामा : हे पाह्य. तुही बायोगॉन माह्या कपाटात बसून हाय. रशियाचं पानी प्यालेली.

भाच्याला हे ठाऊक होतं, तरी तो थोडा वरमला. ३५ मिलिमीटरची मूळ बायोगॉन लुडविग बेर्टेले या झाइसच्या आराखडाकाराने १९३०च्या दशकात कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी बेतली. महायुद्धानंतर झाइसची यंत्रं आणि नकाशे सोव्हिएत संघाकडे गेले. कॉन्टॅक्सचा किएव्ह झाला आणि बायोगॉनची ज्युपिटर. बेर्टेलेनेच पुढे २१ची बायोगॉन केली, १९५४ची. भाचा जी सी बायोगॉन घ्यायला निघालाय ती तिचीच नात. म्हणजे वादातला एक पक्ष दुसऱ्या पक्षाच्या आजोळचाच निघाला.

भाचा : मग तर तुम्हाला २१ पटायला हवी. या लेन्सचं डिस्टॉर्शन जवळजवळ शून्य आहे. भिंत सरळ म्हणजे सरळ.

मामा : शून्य? मग माही विहीण जाडी काऊन झाली?

ही विहीण मामांची नव्हे, एका गिऱ्हाइकाची. मंगल कार्यालय लहान, वऱ्हाड मोठं. मागे सरकायला जागा नाही, म्हणून मामांनी त्या दिवशी एसएलआरला कुणाकडून मागून आणलेली वाइड लावली. स्टेजवर चार रांगा लावल्या. नवरदेवाची आई अगदी डाव्या टोकाला. अल्बम आला तेव्हा मधली माणसं जशीच्या तशी आणि टोकाची विहीणबाई दीडपट. त्या घरातून पुढच्या कोणत्याही लग्नाचं काम मामांना आलं नाही.

भाचा : ती लेन्स स्वस्तातली असेल.

मामा : लायका लाव, झाइस लाव. विहीण बारीक होत नाई.

इथे मी तोंड घातलं, कारण मामा शंभर टक्के बरोबर होते आणि त्यांना ते कशामुळे बरोबर आहेत हे सांगता येत नव्हतं. डिस्टॉर्शन म्हणजे सरळ रेघ वाकणं. तो लेन्सचा दोष, आणि चांगली लेन्स तो घालवते. पण सरळ रेघा सरळ ठेवायच्या तर त्याची किंमत कडेला मोजावी लागते. सपाट भिंत सपाट दिसते. गोल वस्तू, म्हणजे डोकं, पोट, कळशी, कडेला जाता जाता आडवी ताणली जाते. किती ताणली जाते हे फक्त कोनावर अवलंबून, कंपनीवर नाही. आडव्या फ्रेमच्या अगदी टोकाला असलेलं गोल डोकं पन्नासच्या लेन्सने उंचीच्या मानाने ६ टक्के रुंद येतं. ३५ने १२ टक्के, २८ने १९. आणि २१ने ३२ टक्के. बत्तीस टक्के म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, फुकटात. कुठल्याही कारखान्यात कितीही दिवस घासली तरी ही काच हा ताण कमी करू शकत नाही, कारण तो काचेचा प्रश्नच नाही. गोलाईची जागा सपाट फिल्मवर पसरवली की असंच होणार.

भाचा : मग रांग अर्धवर्तुळात उभी करायची. सगळे सारख्या अंतरावर.

मामा : तेच तर चुकते सगळे! कडेचे अजून पुढं येतात, अजून मोठे होतात. रांग सरळ धर. कडेला शाळकरी पोरं उभी कर, हडकुळी. सोयरे मधात.

माझ्या मते हा एक सल्ला कोणत्याही लेन्सपेक्षा किमती आहे. गणितानेही तो खरा ठरतो. सरळ रांगेतला कडेचा माणूस थोडा लांब असतो, त्यामुळे त्याची उंची तरी बाकीच्यांइतकीच राहते. कमान केली की ताण आणि जवळीक दोन्ही एकदम त्याच्या वाट्याला येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोणारला गेलो. खामगावहून चिखली, मेहकर करत. भाच्याचा मुद्दा गाडीतच ठरला होता : लोणारसारखी जागा असताना बुलडाणा जिल्ह्यात २१ लागणार नाही तर काय लागणार? उल्कापाताने झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, तळाला खाऱ्या पाण्याचं सरोवर सुमारे १.२ किलोमीटरचं. एवढं मोठं कशात मावेल?

मामा : लोनारला येनारा प्रत्येक मानूस हेच म्हनते. अन् घरी जाऊन डबक्याचा फोटो दाखवते.

काठावर उभं राहून पाहिलं की डोळ्यांना विवर भयंकर वाटतं. फोटोत ते का हरवतं, याचा हिशेब दहावीच्या भूमितीतच आहे. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आठवत असेल : परिघावरच्या बिंदूतून दिसणारा कोन केंद्रातल्या कोनाच्या निम्मा असतो. म्हणजे विवराच्या काठावर उभं राहून लेन्स जितक्या अंशांचं पाहते, त्याच्या दुप्पट अंशांचा काठ फोटोत येतो. २१ मिलिमीटरची आडवी नजर ८१ अंशांची. तिच्यात काठाचे १६२ अंश येतात. पूर्ण वर्तुळ ३६०चं. निम्मंही नाही. २८मध्ये १३१, ३५मध्ये १०९. पंधराची लावली तर जेमतेम अर्ध्यावर जाते, दोनशेपर्यंत. अख्खं विवर काठावरून कुठल्याच सरळ लेन्समध्ये यायचं नाही.

भाचा : विवर नाही, पण सरोवर येतं ना?

येतं. काठावरून ते साधारण ८४ अंशांत पसरतं, आणि २१मध्ये डावी-उजवीकडची कड जेमतेम सोडून सगळं बसतं. भाच्याने पुण्यातल्या मित्राकडून आणलेली २१ची बायोगॉन लावून तसा एक फोटो काढला. पण मग दुसरा हिशेब येतो, आणि मामांचं डबकं याच हिशेबात आहे. काठ पाण्यापासून सुमारे १३७ मीटर उंच. पलीकडचा किनारा काठावरून दीड किलोमीटर लांब. तिथून वर समोरच्या काठापर्यंतचा उतार नजरेत फक्त पाच अंशांचा. एकवीसच्या लेन्सने हे पाच अंश फिल्मवर उतरतात ते २ मिलिमीटरांत. चोवीस मिलिमीटर उंचीच्या फ्रेममध्ये दोन! बाकी सगळं पाणी, आभाळ आणि पायाखालची झुडपं. पन्नासच्या लेन्सने तोच उतार साडेचार मिलिमीटर होतो, दुपटीहून जास्त. त्यात अर्धंच सरोवर येतं, पण येतं ते विवरातलं सरोवर. तिथे खोली दिसते.

मामा : आता कळलं कायले म्हनतो डबकं?

भाचा : कळलं. पण हे काठावरचं झालं. खाली चला.

आणि खाली गेल्यावर पारडं फिरलं, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाण्याच्या बाजूला झाडी दाट, त्यात जुनी मंदिरं. कमळजा देवीच्या देवळासमोर मागे सरकायचं तर झाडात शिरावं लागतं. तिथे पन्नास लावली की खांबाचा एक तुकडा हाती लागतो. पस्तीसने दार आणि थोडी भिंत. एकवीसने देऊळ, झाड, मागची चढती कडा असं सगळं एकमेकांशी बोलायला लागतं. वाइड लेन्स लांबच्या गोष्टी मावाव्यात म्हणून नसतेच. जवळ जाऊनही मागचं सुटू नये म्हणून असते. लोणारच्या काठावर ती निरुपयोगी आणि तळाशी अनमोल, एकाच विवरात, एका तासाच्या अंतराने.

२०२० सालच्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्या उन्हाळ्यात इथे निघालेले मोबाइलचे फोटो आठवा : गुलाबी पट्टी, वर आभाळ, खाली झाडी. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो. वाइडच. म्हणजे हा वाद लायकावाल्या चार हौशींचा नाही. ज्याच्या खिशात फोन आहे तो प्रत्येक जण रोज वाइड लेन्सने फोटो काढतोय आणि कडेच्या पाहुण्याला जाड करतोय.

वर लोणार गावात दैत्यसूदनाच्या देवळात अंधार होता. छतावरची शिल्पं काढायची म्हणून भाच्याने कॅमेरा वर धरला, आणि मामांनी त्याला थांबवलं.

मामा : तुही एकवीस साडेचारची ना? इथं शटर किती येते?

भाचा : चारशेच्या रोलवर... पाव सेकंदाच्या आसपास.

मामा : अन् दोन अ‍ॅपर्चरची लेन्स असती तर पंधरावा भाग. तो हातानं धरता येते. पाव सेकंद धरशील?

रेंजफाइंडरमध्ये आरसा आपटत नाही, त्यामुळे पंधराव्या भागाला हात स्थिर ठेवणं जमतं. पाव सेकंद म्हणजे खांबाला टेकून, श्वास धरून आणि नशीब सोबत असेल तर. इथे झाइसची सी बायोगॉन आणि फॉइग्टलेंडरची चारची स्कोपार दोन्ही मार खातात. छोटेपणा आणि सरळ रेघा यांच्या बदल्यात त्यांनी उजेड सोडून दिलाय. त्यात एकवीसच्या कोपऱ्यांवर उजेड कमी पडतो तो वेगळाच : निव्वळ कोनाच्या हिशेबाने पाहिलं तर कोपरा मध्यापेक्षा दोन स्टॉप काळा, २८मध्ये सव्वा-दीड, ३५मध्ये एक. खऱ्या लेन्सा यातला काही भाग भरून काढतात, सगळा नाही. डिजिटल सेन्सरवर सी बायोगॉनच्या कडांना जांभळट झाक येते, म्हणून डिजिटल लायकावाल्यांनी ती घेण्याआधी दोनदा विचार करावा. भाच्याचा रोल आहे, त्याला हा त्रास नाही.

पुढे सिंदखेड राजाला गेलो, तिथे मात्र मामा गप्प राहिले. लखुजी जाधवांच्या राजवाड्याचं प्रवेशद्वार, १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो वाडा. दार उंच, समोर रस्ता, रस्त्यावर गाड्या. भाच्याने तीच २१ची बायोगॉन लावली, कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा सरळ धरला आणि दार त्याच्या दोन्ही बुरुजांसकट उभंच्या उभं मिळवलं. एकही रेघ झुकली नाही. पुतळा बारवेतही तेच : खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, चौकोनी कडा, कोनाडे, सगळं काटकोनात. इथे माणूस नाही, आहेत त्या बहुतेक रेघाच. जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्याने झाइस घ्यावी, यात मला शंका नाही.

मामा : दगडाले जाडं होऊन काही फरक पडत नाई. म्हनून.

भाचा : तेवढं मान्य केलंत, पुरे आहे.

मामा : पन तू चश्मा लावतो. बाहेरची वेगळी खिडकी लावून एकवीस पाहनार, अन् फोकस दुसऱ्या खिडकीतून. तोवर मानूस गावाले गेला.

हा मुद्दा बारीक दिसतो, पण भाच्याच्या कामाचा सगळ्यात मोठा आहे. एम६च्या खिडकीत २८ची चौकट असते, तीही अगदी काठावर. चश्मा लावणाऱ्याला तिच्या चारी बाजू एकदम दिसत नाहीत, डोळा फिरवावा लागतो. २१ची चौकट नसतेच. कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी खिडकी खोचावी लागते. फोकस खालून, फ्रेम वरून.

भाचा : फोकस करायचाच नाही मग. आठचं अ‍ॅपर्चर, एकवीसची लेन्स, अंतर एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर ठेवायचं. नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चांगलं येतं. अठ्ठावीसला तीन-सव्वातीन मीटरवर ठेवलं तर एक मीटर पासष्टपासून पुढे सगळं. पालखीत तर हेच करतात.

पालखीचं नाव काढलं आणि मामा मनाने लगेच खामगावात परतले. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते तेव्हा हजारो माणसं सोबत पायी चालतात. मामांनी ती झोर्कीने काढली आहे, ३५नेच, आणि झोर्कीच्या खिडकीत तर फक्त पन्नासचं दिसतं. बाकीचं ते अंदाजाने धरतात : खिडकीच्या चारी बाजूंना बोटभर जास्त. त्यांचे फोटो मी पाहिले. ते चांगले आहेत कारण मामा वारकऱ्यांच्या पुढे उलट चालत राहिले; एका फोटोत तर टाळकऱ्याचा टाळ लेन्सच्या काचेला लागेल की काय असं वाटतं. एकवीस असती तर फ्रेम भरायला आणखी जवळ जावं लागलं असतं आणि टाळ धरलेला तो हात भोपळ्याएवढा झाला असता, ३५ने हात हाताएवढा राहिला. अठ्ठावीसने काय झालं असतं? बहुधा हात थोडा मोठा आणि मागची दिंडी पूर्ण. मला तो फोटो पाहायला आवडला असता.

भाच्याच्या मनात आणखी एक काम आहे, खामगावच्या चांदीच्या कारागिरांचं. रजतनगरी म्हणून गावाचं नाव आहे, आणि कारागीर बसतो ती जागा एवढीशी. लायकाची २८ची एल्मारिट साधारण ७० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. झाइसची २८ पन्नासपर्यंत जाते, पण सत्तरच्या आत खिडकीतला ठिपका तिची साथ सोडतो. तिथे अंतर हाताने मोजायचं.

मामा : एक हात म्हनजे पन्नास सेंटीमीटर. मले फीत लागत नाई.

मग कुठली? दोघांनी मलाच विचारलं. एल्मारिट उत्तम आहे : लहान, बोटाला सापडणारी, उन्हातही सहज बुजत नाही. पण तिच्या किमतीत फॉइग्टलेंडरच्या तीन तरी येतात, आणि ३० सेंटिमीटरच्या प्रिंटमध्ये तो फरक तिघांपैकी कुणाला दाखवता येईल असं मला वाटत नाही. कोन मात्र सगळ्यांना दिसतो, विहिणीला सुद्धा. म्हणून कंपनी नंतर, मिलिमीटर आधी. फक्त वाडे, बारवा, देवळं काढणार असेल तर त्याने २१ची बायोगॉन घ्यावी. फक्त माणसं, तर मामांची ३५ कपाटातून काढून घ्यावी. फुकट आहे, आणि एका स्वस्त कडीने एम६वर चढते. तेवढी ती मागची फुगीर काच जपून, आणि आतल्या लाइटमीटरवर भरवसा न ठेवता. भाच्याला वाडाही हवा, पालखीही हवी आणि कारागीरही हवा. त्याच्यासाठी २८, फॉइग्टलेंडरची. लोणारच्या काठासाठी त्याच्याकडे पन्नास आहेच.

तुम्हाला घ्यायची झाली तर आधी तुमच्या फोनमधले गेल्या वर्षीचे फोटो उघडा. फोन वाइड आहे, हे ध्यानात ठेवून पाहा. बहुतेक फोटोंच्या कडा कापाव्याशा वाटल्या तर ३५ घ्या. दार, छत, गर्दी फ्रेमबाहेर राहिल्याची चुटपुट लागली तर २१. दोन्ही नाही, तर २८ घ्या आणि कोणत्या कंपनीची हे खिशाला ठरवू द्या.